पालकसभेला या! दंडाच्या नोटिशीपासून चिठ्ठीपर्यंतची गोष्ट

(या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बऱ्यापैकी जसंच्या तसं आहे.)



आजचा विषय मला फोनवर मिळाला. माझी चुलत बहीण, म्हणजे आमची ताई, पुण्यात असते. तिची मुलगी दुसरीत आहे, खासगी शाळेत. जुलैमधल्या एका शनिवारी ताईचा फोन आला.

"अरे, माझं नाव चिठ्ठीत निघालं."

मला वाटलं भिशी लागली. म्हटलं, "पार्टी कधी?"

"भिशी नाही रे. शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या समितीत. आता तिथे करायचं काय असतं?"

मी म्हटलं, "गॅदरिंगला फुगे फुगवायचे असतील." ती हसली, मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर मला एक जाडजूड लाल रजिस्टर आठवलं, आणि हसू गेलं. त्या रजिस्टरची गोष्ट मी शेवटाकडे सांगणार आहे. तोपर्यंत ताईच्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधूया. शाळेत पालकाचं काम काय? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. सव्वाशे वर्षांत त्याचं उत्तर चार वेळा बदललंय.

आधी होता दंड

आज शाळा पालकांना बोलावते, तेव्हा "पालक" हा शब्द कसा गोड वाटतो. पण सक्तीच्या शिक्षणाचे जुने कायदे काढून बघा. त्यात पालक दिसतो तो आरोपी म्हणून.

सुरुवात १८८२ पासून करू. त्या वर्षी इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला एक आयोग नेमला होता. हंटर त्याचे अध्यक्ष, म्हणून हंटर आयोग. त्या आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं असं होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. त्यांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान १२ वर्षांपर्यंत, सक्तीचं करा. म्हणजे फुल्यांच्या मांडणीत शेतकरी पालक हा फुकट मागणारा नव्हता. पैसे आधीच भरून बसलेला माणूस होता.

सरकारने ती मागणी काही मानली नाही. सक्ती आधी आली ती संस्थानांत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली. मूल शाळेत आलं नाही, तर पालकाला दंड.

ते बघून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं. ६ ते १० वयाच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करायची. ज्या पालकाचं उत्पन्न महिन्याला १० रुपयांपेक्षा कमी, त्याच्याकडून फी घ्यायची नाही. पण मूल पाठवलं नाही तर दंड. १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

मग १९१७. कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दर महिन्याला १ रुपया दंड. त्या काळात शेतमजुराला रुपया ही काही छोटी रक्कम नव्हती.

आता ऐकणाऱ्यांपैकी कोणाला वाटेल, गरिबाला दंड? हे कसलं सुधारकपण? पण त्यांची अडचणही समजून घ्या. सात वर्षांचं पोर म्हणजे घरात दोन हात. गुरं राखायला, धाकटं भावंड सांभाळायला, पेरणीला, राखणीला. पोराचं भलं आणि घराची आजची गरज यांत भांडण होतं, आणि कायदा पोराच्या बाजूने उभा राहिला. मला ते चूक वाटत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती लागणार आहे: या सगळ्यात पालकाला कोणी काही विचारलं नाही. शाळा किती वाजता भरावी, सुट्टी सुगीत द्यावी की उन्हाळ्यात, हे त्याला विचारायची पद्धतच नव्हती. त्याच्यापर्यंत पोचायची ती नोटीस.

आणि ही पद्धत राजेमहाराजांबरोबर संपली असंही नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी आलेल्या १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमातही हजेरीचा हुकूम पालकावर बजावण्याची आणि न पाळल्यास दंडाची सोय होती.

मग शाळाच अंगणात गेली

याच सुमाराला आपल्याकडे दोन बायका उलट्या बाजूने विचार करत होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

१९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला खेड्यातल्या बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासी पाड्यांमध्ये. तिथे प्रश्न तोच, जो सयाजीराव आणि शाहू महाराजांपुढे होता. मुलं येत नाहीत. का येत नाहीत? गुरं राखायला जातात. धाकटं कडेवर असतं.

यांनी काय केलं? मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे नेली. पाड्यावर, घरासमोरच्या अंगणात वर्ग भरवला. आज आपण सहज "अंगणवाडी" म्हणतो ना, ती कल्पना या कामातून आली. गुराखी मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरतायत आणि बाजूला शिकणं चाललंय.

पालक-शिक्षक नात्याच्या दृष्टीने ही फार मोठी उडी होती. अंगणात शाळा भरली की आई दारातून सगळं बघते. काय शिकवतात, कसं बोलतात, पोरगं रडतं की हसतं, सगळं. नोटीस पाठवणं आणि अंगणात येऊन बसणं यांत जो फरक आहे, तोच या एपिसोडचा विषय आहे असं म्हटलं तरी चालेल.

पीटीए हा शब्द आला कुठून?

जरा मुंबई-ठाण्यातून बाहेर जाऊ, कारण ताईच्या शाळेच्या मेसेजमध्ये शब्द होता "पीटीए", आणि त्या शब्दाचं गाव अमेरिकेत आहे.

१७ फेब्रुवारी १८९७, वॉशिंग्टन. ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी आयांची एक परिषद बोलावली. थोड्याफार बायका येतील असा अंदाज होता, आले २ हजारांवर लोक. त्यातून जी संघटना उभी राहिली, तीच पुढे पालक-शिक्षक संघांची राष्ट्रीय संघटना झाली. त्या काळी अमेरिकेत बायकांना देशभर मताचा अधिकारसुद्धा नव्हता, तो मिळाला १९२० मध्ये. ज्यांना मत देता येत नव्हतं, त्या बालवाड्या, बालमजुरीविरोधी कायदे, शाळेतलं गरम जेवण यासाठी सरकारच्या मागे लागल्या होत्या.

पण त्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. मग "सगळे पालक" म्हणणाऱ्या संघटनेतही काळ्या पालकांना तिथे जागा नव्हती. ॲटलांटाच्या सेलिना स्लोन बटलर यांनी आधी आपल्या शाळेत, मग राज्यात आणि १९२६ मध्ये देशपातळीवर काळ्या पालक-शिक्षकांची वेगळी संघटना उभी केली. दोन्ही संघटना एक झाल्या त्या १९७० मध्ये. म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी.

म्हणून कुठेही "पालकांची समिती" ऐकलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: कोणते पालक? हा प्रश्न घेऊन परत महाराष्ट्रात येऊ.

वर्गणीवाला पालक

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेच्या कारभारात गावाला सामील करून घेण्याची भाषा आली. पुढच्या काळात ग्रामशिक्षण समित्या आल्या, पालक-शिक्षक संघ आले, माता-पालक संघ आले. कागदावर पालक आता सदस्य झाला होता.

प्रत्यक्षात? आपल्यापैकी जे नव्वदच्या दशकाच्या आसपास जन्मले, त्यांनी आपापली शाळा आठवा. पालक कधी यायचे? स्नेहसंमेलनाला. निकालाला. आणि पोराने काच फोडली तर. भिंतीवर पंखा असायचा आणि पंख्याच्या पात्यावर रंगवलेलं असायचं, अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ. लोकवर्गणीतून कंपाउंड, लोकवर्गणीतून पाण्याची टाकी. लोकांनी शाळा खरंच उभ्या केल्या, त्यांचं श्रेय कोणी काढून घेऊ नये. पण पैसे देणाऱ्याला हिशोब विचारायची सोय होती का? फारशी नव्हती. दंड भरणारा पालक आता वर्गणी भरणारा झाला, एवढाच फरक.

त्यात २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती झाली. तिने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि पालकांच्या यादीत एक मूलभूत कर्तव्य टाकलं: मुलाला शिक्षणाची संधी द्यायची. म्हणजे घटनेतही पालकाच्या वाट्याला आलं ते कर्तव्यच. हक्काची बाजू यायला आणखी सात वर्षं लागली.

२००९: दंड उलटला

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. आपण सगळे त्याला आरटीई म्हणतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्याला तो माहिती असतो तो २५ टक्के प्रवेशांमुळे. पण त्याचं २१वं कलम मला जास्त भारी वाटतं.

ते कलम म्हणतं, विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. निम्म्या स्त्रिया हव्यात. आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. "कोणते पालक?" या प्रश्नाचं उत्तर इथे कायद्यातच लिहून ठेवलंय.

या समितीचं काम काय? शाळेच्या कामावर देखरेख. आलेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेख. आणि शाळा विकास आराखडा बनवणं, म्हणजे शाळेला पुढे काय काय लागणार याची मागणी. आपल्या महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडतात आणि मुख्याध्यापक असतात सचिव. म्हणजे सभा बोलवायची, कागद ठेवायचे हे काम मुख्याध्यापकांचं, आणि खुर्ची पालकाची. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आतापर्यंत पालकाला फक्त बघण्याची परमिशन होती, आता बदल करण्याची मिळाली.

आणि एक गंमत बघा. याच कायद्याच्या १०व्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण ते मोडलं तर दंड ठेवलेला नाही. दंड आहे तो १३व्या कलमात, आणि तो शाळेला. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकाची परीक्षा-मुलाखत घेणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, त्यानंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत. १९१७ चा रुपया आठवला? तेव्हा पावती पालकाच्या नावाने फाटायची. ९२ वर्षांनी पावतीवरचं नाव बदललं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान संपली असती. पण मग ते लाल रजिस्टर.

लाल रजिस्टर

२०१० मध्ये मी सहावीत होतो, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. गावाचं नाव सांगत नाही, कारण हे कोणत्याही गावात झालं असतं.

शाळेत पालकसभा झाली. समितीसाठी आधी अण्णांचं, म्हणजे वडिलांचं नाव निघालं. मग कोणीतरी म्हणालं, निम्म्या बायका पाहिजेत. अण्णा संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाले, "तुझं नाव दिलंय शाळेत." आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "कशात?" अण्णा म्हणाले, "कसली तरी समिती हाय."

झाली आई सदस्य.

त्यानंतर साधारण महिन्याला एकदा सर मला हाक मारायचे आणि एक जाडजूड लाल रजिस्टर हातात द्यायचे. "आईची सही आण." मी ते दप्तरात घालून घरी न्यायचो. बोट ठेवून जागा दाखवायचो, आई सही करायची, सकाळी मी परत द्यायचो. सरांनी काम सांगितलंय म्हणून मला काय अभिमान! वर्गात रजिस्टर छातीशी धरून मिरवायचो.

आई सातवी शिकलेली. वाचता चांगलं यायचं, पण वाचायला वेळ कुणाला होता? एकदा लाईट लवकर आली, स्वयंपाक उरकलेला, म्हणून तिने सहीच्या वरचं वाचलं. ते सभेचं इतिवृत्त होतं. ठराव क्रमांक अमुक, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. सूचक म्हणून आईचं नाव. खाली "ठराव सर्वानुमते मंजूर".

आई ज्या सभेला गेलीच नव्हती, तिथे तिने ठराव मांडला होता.

माझी धाकटी बहीण तेव्हा तिसरीत, त्याच शाळेत. ती शाळेत दिवसभर पाणी प्यायची नाही. घरी आली की आधी मोरीत पळायची. आई तिला ओरडायची, "शाळेत काय दातखीळ बसते का पाणी प्यायला?" त्या रात्री आईने तिला जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं. मुलींच्या संडासाला कडीच नव्हती. मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहिली तरच जायचं, नाहीतर नाही.

मला आजही टोचतं ते हे, की ते रजिस्टर मी आणत होतो. बहिणीच्या पाण्याचा प्रश्न ज्या पानावर "सुटला" होता, ते पान मी स्वतः दप्तरातून नेलं होतं.

आईने त्या वेळी सही केली नाही. पुढच्या सभेला स्वतः गेली. सरांना म्हणाली, "सर, दुरुस्ती झालीय ना? मग कडी कुठाय?" सर गडबडले. म्हणाले, "वहिनी, मी तरी काय करू? सभा लावली तर कोणी येत नाही. सभा झाल्याचं दाखवलं नाही तर वरून विचारणा. दोन वर्ग मीच शिकवतो, खिचडीचा हिशोब मीच ठेवतो." आणि आई सांगते, ते खोटं बोलत नव्हते. दुपारी दोनची सभा. त्या वेळी गावातली आई शेतात खुरपायला नाहीतर मजुरीवर. कोण येणार?

मग दोन गोष्टी ठरल्या. कडी त्याच आठवड्यात बसली. आणि सभा संध्याकाळी घ्यायची ठरली, बाया रानातून आल्यावर. पहिल्या वेळी चार आल्या, मग सात. रजिस्टर परत माझ्या दप्तरात आलं नाही. माझा मान गेला म्हणून मी थोडा नाराजही होतो, खोटं कशाला सांगू.

२००९ चा एवढा मोठा कायदा दिल्लीत मंजूर झाला. आमच्या शाळेत तो पोचला तो सभेची वेळ बदलल्यावर.

मग चिठ्ठी कशाला?

आता ताईकडे वळू. तिची शाळा खासगी, विनाअनुदानित. तिथे २१व्या कलमाची समिती नसते. तिथे दुसरा कायदा लागतो: महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. नाव २०११ चं असलं तरी राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात यायला २०१४ उजाडलं.

त्याचा सांगाडा असा. शाळेतला प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सदस्य. या संघाची एक कार्यकारी समिती. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांतून एक उपाध्यक्ष, शिक्षकांतून सचिव, पालकांतून दोन सहसचिव, आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक व एक शिक्षक. निम्म्या स्त्रिया. तीन महिन्यांतून निदान एक सभा.

पालक कसे निवडायचे? चिठ्ठ्या टाकून. मला आधी हे विचित्र वाटलं होतं. मग कळलं, यात शहाणपण आहे. निवडणूक घेतली तर ज्याला वेळ आहे, ओळखी आहेत, इंग्रजी फाडफाड येतं, तोच येणार. नेमणूक केली तर शाळेच्या मर्जीतला येणार. चिठ्ठीला ओळख कळत नाही. वर एका वर्षाने समिती बदलते, तेच ते पालक लगेच परत बसू शकत नाहीत.

आणि या समितीचं मुख्य काम फुगे फुगवणं नाही. फी. शाळेला फी वाढवायची असेल तर पुढचं वर्ष सुरू व्हायच्या निदान सहा महिने आधी प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो. समिती शाळेचा खर्च, सोयी बघून मंजुरी देते. एकदा ठरलेली फी दोन वर्षं चालते. संस्थेने मागितलेली आणि समितीने ठरवलेली फी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर संस्था विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. पालकांना मात्र तिथे सुरुवातीला थेट दार नव्हतं. नंतरच्या दुरुस्तीने २५ टक्के पालकांनी मिळून दाद मागायची सोय झाली.

एक खोच लक्षात आली का? गावातल्या सरकारी शाळेत, जिथे फी नाही, तिथे अध्यक्ष पालक. आणि जिथे पालक लाखभर रुपये भरतात, तिथे अध्यक्ष मुख्याध्यापक. पैसे भरले म्हणून खुर्ची मिळते असं नाही. खुर्ची कायद्यात लिहिलेली असावी लागते, आणि तिच्यावर बसायला कोणीतरी जावं लागतं.

ताईला मी काय सांगितलं

मी ताईला परत फोन केला. म्हटलं, फुग्यांचं विसर. चार गोष्टी कर.

एक, सभेच्या आधी विषयपत्रिका माग. "सभेला या" हा मेसेज म्हणजे विषयपत्रिका नव्हे. काय ठरणार आहे ते आधी कळलं तरच तू दुसऱ्या पालकांना विचारू शकशील.

दोन, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नकोस. लिहिलंय ते बोललं गेलं होतं का, बघ. नसेल तर तिथेच दुरुस्ती लिहून घे.

तीन, फीचा प्रस्ताव आला तर हिशोब माग. आवाज चढवायची गरज नाही. शिक्षकांच्या पगारावर किती, इमारतीवर किती, एवढं विचार. शिक्षकांचा पगार वाढणार असेल आणि म्हणून फी वाढत असेल, तर "हो" म्हणणं हेही पालकाचंच काम आहे. दर वेळी नाही म्हणणारी समिती आणि दर वेळी हो म्हणणारी समिती, दोन्हींचा उपयोग सारखाच.

चार, तू फक्त तुझ्या लेकीची आई म्हणून तिथे नाहीस. दुसरीच्या सगळ्या पोरांची आहेस. ग्रुपवर ज्या आया कधीच काही लिहीत नाहीत, त्यांना एकेकीला फोन कर. प्रश्न बऱ्याचदा त्यांच्याकडे असतात.

ताई म्हणाली, "आणि सभा कधी ठेवलीय माहितीय? बुधवारी सकाळी अकराला. मी ऑफिस कसं सोडू?"

मी म्हटलं, "मग पहिला मुद्दा तोच मांड. वेळ."

तिने मांडला. तिच्यासारख्याच नोकरी करणाऱ्या आणखी तिघीजणी निघाल्या, ज्यांना वाटत होतं अडचण फक्त आपल्यालाच आहे. सभा आता शनिवारी असते. फीचा प्रस्ताव अजून यायचाय. त्या वेळी काय होतं ते मी पुढे कधीतरी सांगेन.

हा एपिसोड आईला ऐकवला. ती म्हणाली, "एवढा इतिहास सांगितलास, पण एक राहिलं. कडी बसवायला तुझे अण्णाच गेले होते, घरचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. ते रजिस्टरात कुठं लिहिलंय?"

नाही लिहिलेलं. म्हणून इथे लिहून ठेवतो.

तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे, ते आज घरी विचारा. लहान भावंडं असतील, भाचरं असतील, त्यांच्या शाळेचं विचारा. आणि घरात कोणी शिक्षक असतील तर त्यांना विचारा की शेवटच्या सभेला किती पालक आले होते. जी उत्तरं मिळतील ती मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.

चला, भेटू. तोपर्यंत वाचल्याशिवाय सही करू नका!